पावसाचं बारसं

एक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खापरवाडीत चौदा बैल मेले. आदल्या संध्याकाळी ज्यांच्या शिंगांना हिंगूळ लावला, गळ्यात घुंगुरमाळा घातल्या, तोंडात पुरणपोळी भरवली, तेच बैल ओढ्यावर पाणी प्यायले आणि उन्हं वर येईस्तोवर पाय झाडत आडवे झाले. ओढ्याचं पाणी काळं होतं आणि त्यावर पिवळट फेस होता.

ते पाणी कुठून आलं हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. वाळूजच्या पलीकडच्या माळावर नानासाहेब औताड्यांचा हल्यांचा वाडा होता. सातशे रेडे तिथं बांधून, खाऊ घालून पुष्ट केले जात. त्यांच्या शेणामुतावरून वाहणारं पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून खाली एक मोठं तळं बांधलं होतं. गाव त्याला काळं तळं म्हणे. लोक काठ्या घेऊन वर धावले तेव्हा तळं रिकामं झालं होतं, तळाची झडप सताड उघडी होती, आणि चिखलात तळ्याचा राखणदार कडूबा पालथा पडला होता.

हे झालं शुक्रवारी. रविवारी सकाळी नजमा पटेल मुकुंदवाडीहून स्कूटीवर निघाली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात पाण्याचं गणित शिकवायची. किती पाऊस पडला तर वाड्याच्या जमिनीत किती मुरेल, किती वाहील, तळं किती मोठं हवं, हे सगळं मॉडेल दोन वर्षांपूर्वी तिनंच केलं होतं. ते गणित चुकलं असेल, तर कडूबाच्या मरणात तिचा वाटा होता.

वाड्याचा मॅनेजर बद्रीनाथ फाटकावरच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, समोरच्याला कधी तोडून न बोलण्याची सवय. त्यानं आधी चहा दिला, मग एक छापील कागद पुढं सरकवला.

"मॅडम, तुमचं मॉडेल अगदी खरं ठरलं," तो म्हणाला.

कागदावर तळ्याच्या रोजच्या नोंदी होत्या. मोजपट्टीवर सहा फुटांवर एक लाल खूण होती आणि पाणी तिच्या वर जाऊ लागलं की पंप लावून ते गवताच्या शेताला द्यायचं, असा नियम होता. नोंदीत पाणी पंधरा दिवस लाल खुणेच्या वरच होतं. शेवटची ओळ गुरुवारची, म्हणजे पोळ्याची: पाऊस एकाहत्तर मिलिमीटर, पाणी सहा फूट चार इंच. त्याखालचे रकाने कोरे होते.

अर्थ उघड होता. कडूबानं पंप लावला नाही, तळं आधीच तुडुंब होतं, वरून पाऊस कोसळला. पोळ्याची दारू प्यालेला कडूबा घाबरला, त्यानं तळाची झडप उघडली आणि तोल जाऊन आत पडला. बद्रीनाथनं हे सारं एका पत्रात टाइप करून ठेवलं होतं. तळ्याची रचना निर्दोष, चूक राखणदाराची, असं त्यात होतं. खाली नजमाचं नाव होतं आणि सहीची जागा रिकामी होती.

सही केली की तिची सुटका होणार होती. वाडा चालू राहणार होता, पोलिसांची फाईल बंद होणार होती. राहता राहिली कडूबाची बायको चतुराबाई. पोळ्याला गावचे बैल मारणाऱ्याची बायको म्हणून गावानं तिचं पाणी तोडलं होतं आणि कडूबाच्या दहाव्याला कुणी जायचं नाही असं पारावर ठरलं होतं. नजमाच्या सहीनं त्या निकालावर शिक्का बसला असता.

तिनं पेनाचं टोपण काढलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "आधी तळं बघते."

दोन

तळ्याकडं जाताना तिला कडूबा आठवत राहिला. पन्नाशीचा, चौथी शिकलेला माणूस. पर्जन्यमापक बसवला तेव्हा तिनं त्याला शिकवलं होतं की रोज सकाळी बरोबर साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा आणि बाटली रिकामी करून परत ठेवायची. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून जेवढं पडलं तेवढं आजच्या तारखेवर लिहायचं. पाऊस काल संध्याकाळी पडला असला तरी तारीख आजची.

कडूबानं डोकं खाजवलं होतं आणि मग हसून म्हणाला होता, "म्हणजी मॅडम, पाऊस येतो तवा त्याला नाव नस्तं. दुसऱ्या दिशी सकाळी आपून त्याचं बारसं करायचं."

इतकं नेमकं तिच्या वर्गातल्या कुणाला कधी सांगता आलं नव्हतं. पुढं ती मुलांना हेच वाक्य शिकवू लागली.

पर्जन्यमापक तारेच्या कुंपणात जसाच्या तसा उभा होता. शेजारच्या लिंबाखाली, चिखलात रुतलेली एक चप्पल होती. तिथून तळ्याचा काठ तीस पावलं तरी लांब. नजमानं ती चप्पल पाहिली, पण तेव्हा तिचं मन दुसरीकडंच होतं. तिला एकाएकी एक गोष्ट सुचली होती.

गुरुवारी संध्याकाळी पाऊस पडला. शुक्रवारी सकाळी साडेआठला तो मोजायचा होता आणि त्या वेळी मोजणारा चिखलात मरून पडला होता. त्यानंतर थेंब पडला नव्हता. मग कागदावरचं एकाहत्तर मोजून बाटली रिकामी कुणी केली?

तिनं मापकाचं नरसाळं उचललं. बाटली कुणीच रिकामी केलेली नव्हती. अरुंद तोंडाच्या त्या बाटलीत पोळ्याचा पाऊस तसाच साठलेला होता. नजमानं पाणी मोजपात्रात ओतलं, डोळ्यांच्या रेषेत धरलं, फोटो काढला आणि पाणी पुन्हा बाटलीत घातलं.

बावीस मिलिमीटर. एकाहत्तर नव्हे, बावीस.

तीन

बावीस मिलिमीटरला तिचं काळं तळं हलायलासुद्धा नको होतं. वाड्यातल्या जमिनीवर शेणाचा वीतभर थर तुडवून तुडवून बसलेला असतो आणि आधीचा आठवडा कोरडा गेला असेल तर पहिला पाऊस तो थरच पिऊन टाकतो. बावीसातलं वाहून तळ्यात आलं असेल ते फार तर बोटभर. म्हणजे पावसाचा आकडा कुणीतरी मुद्दाम फुगवला होता.

नोंदींचा कॉम्प्युटर ऑफिसात होता आणि ऑफिसच्या किल्ल्या तिघांकडं होत्या: मालक नानासाहेब, मॅनेजर बद्रीनाथ आणि फाटकावरचा मुख्तार.

मुख्तार आणि कडूबा यांचा जुना करार होता. ईदला कडूबानं दोघांचं काम करायचं, पोळ्याला मुख्तारनं. कडूबाच्या सुट्टीत पावसाची नोंदही मुख्तारच घेई. त्यामुळं पोळ्याच्या संध्याकाळी वाड्यावर तो एकटाच होता आणि पोलिसांनी दोन दिवस त्यालाच हलवून हलवून विचारलं होतं. नजमाला पाहून त्याचा बांध फुटला.

"आपा, मैं तो गेट पेच था. पांच बजे हापिस के नंबर से फोन आया, जनावर बीमार है, शहर जाके दवाई ला बोले. मैं गया. दस बजे आया तो गेट को ताला, जैसा लगाया वैसाच."

आवाज कुणाचा होता, मालकाचा की मॅनेजरचा, हे त्याला सांगता येईना. ऑफिसचा फोन घरघरतो, म्हणाला. मग जरा घुटमळून त्यानं तिला फाटकाच्या आत नेलं. चिखल आता वाळला होता आणि त्यात जड गाडीच्या चाकांचे चर उमटले होते. चर पाऊस पडून गेल्यावरचे होते आणि सरळ काळ्या तळ्याकडं गेले होते. चाऱ्याची गाडी त्या बाजूला कधीच जात नव्हती.

नानासाहेब औताडे गोठ्याच्या कट्ट्यावर बसले होते. सत्तरीचा, तोंडानं फटकळ माणूस. महसूल मंडळाच्या सरकारी मापकात त्या दिवशी एकोणीसच मिलिमीटर पडल्याचं नजमानं काढलं, तसे ते उसळले.

"मंडळाचं काय सांगता? आमच्याकडचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं ऱ्हातं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मला नका शिकवू पाऊस. माझा बाप सोयगावच्या तहसिलीत पाऊस मोजायचा. साडेआठचा ठोका कधी चुकवला नाय. तो मेला त्या दिशी सकाळी मी आधी पाऊस मोजला, मंग रडाया बसलो."

साठ माणसांची पोटं या वाड्यावर आहेत, उद्यापर्यंत सही द्या, नाहीतर वाड्याला कायमचं कुलूप लागेल, असंही त्यांनी बजावलं. नजमानं तिच्या अहवालाची त्यांच्याकडची प्रत मागितली. ती कपाटातून निघाली, दोन वर्षांपूर्वीच्या प्लास्टिकच्या वेष्टनात, न फाडलेली.

"अहवाल आम्ही कशाला वाचणार होतो?" ते पुटपुटले. "कडूबा होता म्हणून वाचायची गरज नव्हती."

चार

चतुराबाईचं घर गावाच्या शेवटाला होतं. अंगणात तिचे दोन बैल उभे होते, शिंगांवर पोळ्याचा हिंगूळ अजून लालभडक. गावातले बैल मेले आणि हे दोनच जिवंत राहिले, याचाही लोकांनी तिच्यावर ठपका ठेवला होता. खरं कारण एवढंच, की शुक्रवारी सकाळी ती रात्री न परतलेल्या नवऱ्याची वाट बघत होती आणि बैलांना ओढ्यावर न्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"वैर कुनाशीच नव्हतं त्येंचं," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती सांगत गेली तसं नजमा ऐकत गेली. मिरवणुकीतून बैल दारात आले, चतुराबाईनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं. कडूबा बैलांना भरवत असतानाच पावसाची सर आली. अर्ध्या तासात थांबली. चतुराबाईनं त्याचं ताट वाढलं, तर तो पाटावरून उठला आणि बॅटरी घेऊन निघाला.

"मी म्हनलं, सणाचं दोन घास खाऊन तरी जा. तर म्हनले, पाऊस थांबला की तळ्याची पातळी बघायची, मॅडमनं सांगितलंय. आलोच म्हनले."

नजमाला वर बघवेना. ही सूचना तिच्याच अहवालात होती, पान नऊ, ठळक अक्षरांत.

दारू प्याला होता का, हे विचारायची गरजच नव्हती, पण चतुराबाईनंच सांगितलं. बैलांना नैवेद्य दाखवेपर्यंत कडूबा पोळ्याला पाणीसुद्धा पीत नसे. मग ती आत गेली आणि फडक्यात बांधलेली एक वस्तू घेऊन आली. कडूबाचा चांदीचा करदोडा. पोलिसांनी प्रेतावरून काढून तिला दिला होता. तो काळा ठिक्कर पडला होता.

"गुरवारी सकाळी आंघुळीला पांढरा होता. एका रातीत असा झाला. लोकं म्हंत्यात, भानामती हाय. पाप हाय म्हंत्यात."

नजमानं करदोडा हातात घेतला. शेणाच्या साठलेल्या पाण्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा एक वायू निघतो आणि तो चांदीला काळं करतो, हे तिला माहीत होतं. पण थोडा थोडा वायू तर तळ्यातून रोजच निघायचा. दोन वर्षं कडूबा हाच करदोडा घालून त्या काठावर फिरला होता आणि तो पांढराच राहिला होता. म्हणजे त्या रात्री तळ्यानं एकदम, माणूस मरेल इतका वायू सोडला होता.

शेणाचं तळं असा वायू एकदम एकाच कारणानं सोडतं. त्यात कुणीतरी तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतावं लागतं. आणि तेजाब ओतलं असेल, तर त्याची खूण मागं राहिलेलीच असणार. नजमानं फौजदाराला फोन लावला.

पाच

फौजदार रामकिसन खरात वैतागूनच आला. तीन दिवस गावकऱ्यांच्या शिव्या खाऊन त्याला झोप नव्हती. बाटलीतल्या पावसाची हकिगत त्यानं ऐकून घेतली, बाटलीला सील ठोकलं आणि म्हणाला, "मॅडम, बाटलीतल्या पाण्यावर कोर्ट चालत नाय."

"मग ही बघा," नजमा म्हणाली.

रिकाम्या तळ्यात मोजपट्टी उभी होती. लोखंडाची, वरून जस्ताचा मुलामा दिलेली. एरवी ती खालपासून वरपर्यंत करडी असायची. आता सव्वाचार फुटांच्या खाली मुलामा नावाला उरला नव्हता. उघडं पडलेलं लोखंड गंजून लाल झालं होतं आणि सव्वाचार फुटांवर, सुरीनं कापावी तशी, एक आडवी रेघ होती. तिच्या वर जस्त शाबूत.

"तेजाबानं जस्त खाल्लं. पाणी जिथपर्यंत होतं तिथपर्यंतच खाल्लं," ती म्हणाली. "म्हणजे तेजाब आलं तेव्हा तळ्यात सव्वाचार फूट पाणी होतं. लाल खूण सहाला आहे. कडूबानं तळं जवळजवळ दोन फूट खाली ठेवलं होतं. तो रोज पंप लावत होता."

खरातनं खाली उतरून त्या रेघेवर बोट फिरवलं. त्याचा आवाज आता बदलला होता. वाळूजच्या एखाद्या कारखान्यातलं, लोखंड धुतलेलं तेजाब नीट जिरवायला न पाठवता अंधारात कुठंतरी ओतून टाकणारे टँकर त्यालाही ठाऊक होते. काळ्या तळ्यात काळं पाणी कोण ओळखणार, असा कुणीतरी हिशेब केला होता. पोळ्याची संध्याकाळ, सगळे गावात, मुख्तार शहरात. मग तळाची झडप उघडून सगळं ओढ्यात सोडून दिलं की पुरावाही गेला.

"पण मंग हा वायूनं मेला," खरात म्हणाला. "अपघातच झाला म्हणायचा."

नजमानं मान हलवली. तिनं डॉक्टरांचा कागद त्याच्याकडूनच मागून वाचला होता. कडूबाच्या छातीत तळ्याचं पाणी होतं, तो बुडून मेला होता. तिनं लिंबाखालच्या चप्पलेकडं बोट दाखवलं.

"वास येताच तो मागं फिरला असणार. धडपडत इथपर्यंत, तीस पावलं आला. इथं वारा आहे, इथं पडलेला माणूस शुद्धीवर येतो. चप्पल इथं आणि माणूस तळ्यात. बेशुद्ध माणूस उलटा चालत जाऊन पाण्यात पडत नाही, फौजदारसाहेब."

खरातनं टोपी काढून हातात घेतली.

"वायू विरल्यावर त्याला परत तिथं कुणीतरी नेलं," ती म्हणाली. "तेव्हा त्याचा श्वास चालू होता."

सहा

सोमवारी सकाळी ऑफिसात तिघं बसले होते. नानासाहेब गुरगुरत, मुख्तार अंग चोरून आणि बद्रीनाथ सगळ्यांना पाणी देत. पत्र टेबलावर सहीची वाट बघत होतं. खरात दाराशी उभा राहिला.

नजमानं तिघांपुढं एकेक कोरा तक्ता ठेवला. त्यात नुसते वार लिहिले होते, सोमवार ते रविवार.

"सही करायच्या आधी एकच काम," ती म्हणाली. "समजा मंगळवारी संध्याकाळी वीस मिलिमीटर पाऊस झाला. तुम्ही नोंद घेताय. वीसचा आकडा लिहा."

नानासाहेबांनी हा काय पोरखेळ म्हणत पेन उचललं आणि क्षणात लिहिलं. मुख्तारनं दोनदा बघून लिहिलं. बद्रीनाथनं तर सगळ्यांच्या आधी, सुबक अक्षरात लिहिलं होतं.

तिनं तिन्ही कागद खरातपुढं मांडले. नानासाहेबांचा वीस बुधवारी होता. मुख्तारचाही बुधवारी. बद्रीनाथचा मंगळवारी.

"मंगळवारीच तर पडला," बद्रीनाथ शांतपणे म्हणाला.

"ज्यानं आयुष्यात एकदा जरी पाऊस हातानं मोजलाय, तो असं लिहीत नाही," नजमा म्हणाली. "सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. पोळ्याचा पाऊस शुक्रवारच्या रकान्यात यायला हवा होता. तुमच्या कागदावर तो गुरुवारी आहे. कडूबानं गुरुवारी सकाळी मोजलं तेव्हा आभाळ कोरडं होतं आणि शुक्रवारी सकाळी तो मेलेला होता. तो पाऊस कडूबानं लिहिलेला असूच शकत नाही. तो अशा माणसानं लिहिला, ज्याला पाऊस फक्त कागदावर माहीत आहे."

नानासाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. बद्रीनाथ म्हणाला की टाइप करताना ओळ चुकली असेल, एवढ्यावरून काही ठरत नाही.

"ओळ चुकेल. आकडा कसा चुकेल? मापकात बावीस आहे, सीलबंद आहे. तुम्ही एकाहत्तरच का लिहिलंत? कारण माझ्या अहवालातल्या चौथ्या तक्त्यात आहे, की पाणी लाल खुणेवर असताना सत्तर मिलिमीटर पडला तर तळं भरून वाहतं. नानासाहेबांची प्रत अजून प्लास्टिकमध्ये आहे. मुख्तारला इंग्रजी वाचता येत नाही. तो तक्ता मी एकाच माणसाला समोर बसवून समजावला होता."

बद्रीनाथनं पाण्याचा पेला खाली ठेवला. तो ठेवतानाही त्यानं आवाज होऊ दिला नाही. खरातनं रात्रीतूनच त्याच्या मेव्हण्याचा टँकर वाळूजला पकडला होता आणि ड्रायव्हरनं तोंड उघडलं होतं, हे त्याला आता सांगण्यात आलं.

"पोळा होता," शेवटी बद्रीनाथ म्हणाला. "पोळ्याला कुणी कामावर येतं का? त्यानं यायलाच नको होतं."

"लिंबाखाली तो जिवंत होता," खरात म्हणाला.

"डोळे उघडले होते त्यानं," बद्रीनाथ म्हणाला. "मला ओळखलं. साहेब, पाणी पाजा, म्हणाला."

नानासाहेब औताड्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मुख्तार रडत होता. नजमानं ते पत्र उचललं, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. तिला तिथं एक मिनिटही थांबवेना.

सात

दहाव्याला गाव आलं. ज्यांनी पाणी तोडलं होतं तेच घागरी भरून घेऊन आले आणि मान खाली घालून बसले. चतुराबाई त्यांच्यावर रागावली नाही आणि त्यांच्याकडं तिनं बघितलंही नाही. मेलेले चौदा बैल काही परत येणार नव्हते आणि ज्याच्या नावावरचा डाग धुतला गेला तोही.

सगळे उठून गेल्यावर ती नजमापाशी येऊन बसली.

"मॅडम, एक इचारू? तुमी त्येंला सांगितलं नसतं, की पाऊस थांबला की जायचं, तर ते गेले नसते ना?"

नजमाकडं उत्तरं पुष्कळ होती. तिनं त्यातलं खरं होतं तेच दिलं. "नसते गेले."

चतुराबाईनं हळूहळू मान हलवली. नजमाला वाटलं, आता ही आपल्याला उठायला सांगेल. पण ती आत गेली आणि कडूबाची शाळकरी वही घेऊन आली. ऑफिसात देण्याआधी तो रोजचा आकडा तिच्यात लिहून ठेवत असे. जूनपासून एक दिवस चुकलेला नव्हता. वार, पाऊस, पातळी आणि शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्याचं नाव, वाकड्या अक्षरात, रोज. गुरुवारपाशी पाऊस शून्य, पातळी सव्वाचार होती. शुक्रवार त्यानं पुढचा म्हणून आखून ठेवला होता, पण तो कोरा होता.

"त्यो पाऊस तसाच ऱ्हायला," चतुराबाई म्हणाली. "बिननावाचा. त्येंला लई लागलं असतं."

नजमानं पेन काढलं. शुक्रवारच्या ओळीत तिनं बावीस लिहिलं. मग शेवटच्या रकान्याशी थांबली. मोजलं तिनं होतं, रविवारी, आणि तसंच लिहायला हवं होतं. वीस वर्षं ती पोरांना हेच शिकवत आली होती, की ज्यानं मोजलं त्याचंच नाव.

तिनं तिथं 'कडूबा' असं लिहिलं आणि वही चतुराबाईच्या हातात दिली. नोंदवहीत तिनं लिहिलेली ती पहिली खोटी नोंद होती.